टकटकबाई

कुणाच्या घरी पाऊल टाकलं की माणसं आधी यजमानांना भेटतात. आमची टकटकबाई आधी भिंतीला भेटायची. युद्धामुळे युक्रेन सोडून ती एका बॅगेनिशी ग्लासगोला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा माझी बायको सुषमा चहा-चिवड्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. बाईने आमच्याकडे सरळ पाठ फिरवली, हॉलच्या भिंतीला कान लावला आणि वाकवलेल्या बोटाने टकटक करत पार जिन्यापर्यंत गेली. "अहो, हिला बरं नाहीये का?" सुषमाने मला हळूच विचारलं. माझा जन्म पेशंटच्या छात्या ठोकून बघण्यात गेलेला. मला कळलं, बरं आपल्या भिंतीला नसावं.

ती आर्किटेक्ट होती, पण जन्मात एकही नवीन घर बांधलेलं नव्हतं. काही लोक 'आम्ही कधी दारूला शिवलो नाही' असं सांगतात, त्या थाटात ती हे सांगायची. तिच्या गावात नक्षीदार खिडक्यांची जुनी लाकडी घरं होती. ती पावसापासून, किडीपासून आणि मुख्य म्हणजे मालकांपासून वाचवण्यात तिची सगळी कारकीर्द गेली. "बॉम्ब एखाद्या दिवशी येतो डॉक्टर, हौशी नवरा हातोडा घेऊन दर रविवारी येतो," असं ती माझ्याकडे बघत म्हणायची.

माझ्याकडे बघायला कारण होतं. पुढच्या दगडी भिंतीला ओल आली म्हणून मी दगडांमधल्या सांध्यांत सिमेंट भरायला माणूस बोलावला होता. नागपुरात वाढलेल्या माणसाला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर सिमेंटच वाटतं. बाईने त्याला फाटकातच चहा पाजला आणि वाटेला लावलं. मला म्हणाली, "तिला श्वास घेता येत नाहीये आणि तुम्ही तिचं तोंड दाबताय?" मग सिमेंटऐवजी भिंतीला श्वास घेऊ देणारा चुना मी बिगाऱ्यासारखा कालवत होतो आणि ती बागेतल्या खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. पुढे ओल हटली. बाईने भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाली, "जगेल." माझं कौतुक वगैरे काही नाही.

आमच्या मंडळाच्या गणपतीलाही तिने सोडलं नाही. अध्यक्ष गोखले पुठ्ठ्याच्या मखराचे फोटो काढत होते. बाईने मखराला एक टिचकी मारली, ते डावीकडे कललं. "कोसळेल," ती म्हणाली. "मॅडम, पाच दिवसांनी ते डिसमँटलच करायचंय," गोखले म्हणाले. "म्हणून आज वाकडं असावं?" एवढं विचारून तिने लाकडाच्या पट्ट्या मागवल्या आणि एकही खिळा न मारता खाचेत खाच बसवून नवं मखर उभं केलं. विसर्जनानंतर ते मोडायला कुणाचा हात धजेना. अजून ते गोखल्यांच्या गराजमध्ये आहे आणि त्यांची गाडी रस्त्यावर.

मग तिला इथेच नोकरी मिळाली, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचीच. सुषमा इतकी खूश झाली की तिने बाईच्या खोलीला नवे पडदे आणले. पण त्याच आठवड्यात गावाहून फोन आला. तिने सगळ्यात शेवटी हाती घेतलेल्या घराचं छप्पर स्फोटाने उडालं होतं आणि गावचे अधिकारी उरलेलं घर मशीन लावून पाडणार होते. "तिथे 'नको' म्हणणारं आता कुणी उरलं नाही," असं म्हणून तिने बॅग काढली.

सुषमा भांडली. "अगं, घर वाचवशील, उद्या पुन्हा बॉम्ब पडला तर? आणि तू आत असलीस तर?" बाई स्वेटरची घडी घालत म्हणाली, "गोखल्यांचं मखर आठव. तेही पाच दिवसांचंच होतं." सुषमाने रडत रडत तिच्या बॅगेत लसणाची चटणी कोंबली. बस स्टेशनवर मी तिची बॅग डिकीत आपटली. मला तिचा भयंकर राग आला होता, कारण मला तिची सवय झाली होती.

तिच्या गावात पाडणारं मशीन आलं तेव्हा बाई त्या घराच्या दारात खुर्ची टाकून बसली. ते परत गेलं. तेव्हापासून ती मला व्हॉइस मेसेज पाठवते. त्यात शब्द नसतात, नुसती टकटक असते. आवाज ऐकून मी निदान कळवायचं. मी लिहिलं, "शेवटचा ठोका पोकळ आहे." उत्तर आलं, "बरोबर. तो कोपरा मेला. बाकीचं घर जगेल. चटणी संपली."

परवा असाच एक मेसेज आला. मी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. टकटक भरीव होती, एकदम निरोगी. मध्येच मागे सायरन सुरू झाला. सुषमा स्वयंपाकघरातून धावत आली आणि फोनवर ओणवी होऊन शुद्ध मराठीत ओरडली, "अगं ए बाई, आधी तळघरात जा."

सायरन वाजत राहिला. बाईची पावलं सावकाश पुढच्या फळीकडे गेलेली ऐकू आली आणि टकटक पुन्हा सुरू झाली.