सासूबाईंची बॅग

माझं सगळं यादीनं चालतं. बाजारहाट, विमा, मुलीचे क्लास, कथासुद्धा. प्रसंग लिहायला घेतला की कोण काय बोलणार याचे मुद्दे काढायचे आणि क्रमानं संपवायचे. गेल्या वर्षी इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अशी एक कथा दिली, तर संपादकबाईंचा फोन. "अगं, या सासूसुना निरोप घेत नाहीयेत, मीटिंग घेतायत. रविवार संध्याकाळपर्यंत नीट करून दे, नाहीतर यंदा राहू दे."

राहू कशी देणार? इतकी वर्षं त्या अंकासाठी मी फक्त जाहिराती गोळा केल्या होत्या. मला आत, कथांच्या पानांवर जायचं होतं.

प्रसंग साधा होता. इथल्या हौगांग भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या सासूबाई आता पुण्याला परत निघाल्यात. सुनेला वाटतंय त्यांनी राहावं, पण बोलवत नाहीये. रविवारी सकाळी मी नवऱ्याला सासू केलं, स्वतः सून झाले आणि आम्ही मोठ्यानं वाचायला बसलो.

"मला तुमची सवय झाली आहे," मी वाचलं.

"मलाही तुझ्याबद्दल आदर वाटतो," नवरा नसलेला पदर सावरत म्हणाला, आणि दोघंही हसत सुटलो.

सोफ्यावरून मुलगी इथल्या इंग्रजीत ओरडली, "आजी नेव्हर टॉक्स लाइक दॅट लाह! शी विल ओन्ली टॉक अबाउट द बॅग."

मी मुद्द्यांचा कागद बाजूला सारला. "हं सासूबाई, बॅगेचं बोला."

"वजन जास्त भरतंय गं."

"मग कॉफीची पाकिटं काढा."

"ती शेजारणीला कबूल केलीत. साड्या काढ."

"साड्या? इथे कोण नेसणार?"

"राहू देत तुझ्या कपाटात. सारखी काय ने-आण करायची!"

मी टाळीच वाजवली. सासूबाई परत येणार हे पक्कं झालं, आणि तसं कुणी म्हटलंसुद्धा नाही! मग काय, एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरी बोलायला टपलेली. टाइप करताना माझी बोटं मागे पडायला लागली.

"मी अंघोळीला जाऊ का?" नवरा.

"सासूबाई, गप्प बसा. सून बोलतेय."

संध्याकाळच्या आत कथा पाठवली. दुसऱ्या दिवशी सेरंगूनच्या मॉलमध्ये बिलाच्या रांगेत होते, तेव्हा संपादकबाईंचा मेसेज आला : "घेतेय. एक शब्द काढणार नाही."

मी इतक्या जोरात "येस!" म्हणाले की पुढच्या आंटीनं वळून विचारलं, "स्ट्राइक लॉटरी आह?"