विहिरीच्या गाण्याचं शेवटचं कडवं

अण्णांच्या वहीत गाणी अर्धीच होती. हे मला ते गेल्यावर कळलं.

निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली वही. त्यांनी प्रत्येक गाण्यातल्या फक्त स्वतःच्या ओळी लिहिल्या होत्या आणि मधे मधे नुसती आडवी रेघ मारली होती. रेघ म्हणजे झील. पुढे उभा राहणारा एक ओळ टाकतो, मागचे ती उचलतात, तिला आणखी चार शब्द जोडून परत देतात, तोवर पुढचा श्वास घेतो. अण्णांची झील वीस वर्षं एकाच माणसानं ओढली. ते त्यांचे गावातले मित्र, मी त्यांना काका म्हणते. रेघेच्या जागचे शब्द काकांच्या तोंडात होते, म्हणून ते लिहून ठेवायची अण्णांना कधी गरज पडली नाही.

आमचं गाव शेंद्र्याच्या अलीकडे. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. आम्ही शहरात राहायला आलो, मला इंग्रजी शाळेत घातलं, आणि अण्णा रोज जालना रोडनं उलटे जाऊन त्याच भागातल्या एका कंपनीत काम करायला लागले. गावात भजन, लग्नाच्या आदल्या दिवशीचा कार्यक्रम, कंपनीतली खंडेनवमीची पूजा, जिथं बोलावतील तिथं ते गायचे. बरीचशी गाणी त्यांची स्वतःची होती. शाळेत वडील काय करतात असं विचारलं की मी कंपनीचं नाव सांगायचे. गाण्याचं सांगत नव्हते.

एकदा पाचवीत असताना मी त्यांच्या वहीतले शब्द पेन्सिलीनं दुरुस्त केले होते. त्यांनी पान पाहिलं, म्हणाले, "लई झ्याक केलं, मॅडम." आणि गाताना पहिल्यासारखंच गायले.

ते गेल्यावर मी ठरवलं की सगळी गाणी पूर्ण लिहून काढायची, टाइप करायची, त्यांच्या नावानं एक पुस्तिका करायची. त्यासाठी काका लागणार होते. मी फोन केला तर ते म्हणाले, "ये की. त्यात काय इचारायचं?"

मग दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओसरीवर बसायला लागले. मला बोलायला सुचत नाही, पण लिहायचं काम असलं की बोलावं लागत नाही, म्हणून ते रविवार मला आवडायचे. काका डोळे मिटून गायचे, मी टाइप करायचे. चुकलं तर मांडीवर थाप मारून थांबवायचे.

"थांब, थांब. इथं झील आधी येती. तुझा बाप मधीच घुसायचा."

"म्हणजे अण्णांची चूक आहे?"

"चूक कसली? वासरू सुटल्यावानी पळायचा त्यो. मागून दावं धरून ओढायचो म्या." काकू आतून म्हणाल्या, "आता पोरीला काय काय सांगायले!" तेव्हा काका आणखीच रंगायचे. "अगं, खरं तेच सांगायलो. लिहून घे, मॅडम. बाप पळायचा, असं लिही."

मी ते लिहूनही घेतलं.

चौथ्या रविवारी ते म्हणाले, "वही हितंच राहू दे. अक्षर बघितलं की चाल आठवती मला." मी आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, "दे. त्यांच्यापेक्षा जास्त कुणाची आहे ती?" मी वही ठेवून आले.

सगळ्या गाण्यांत मला हवं होतं ते विहिरीचं गाणं. आमच्या रानात विहीर होती, ती बुजवली, त्यावर आता गाड्या उभ्या राहतात. अण्णांनी तिच्यावर गाणं केलं. "इहीर बुजली, मोटर निघाली, पानी कुठं गेलं गं," अशी सुरुवात. मग काठावरचं जांभळीचं झाड येतं. मग माझी ओळ येते, "लेकीनं माझ्या पाय बुडविले, ती पायरी कुठं गेली गं." ती पायरी मला आठवते. शेवाळानं हिरवी, आणि पाणी इतकं गार की पाय आपले वाटेनात. शेवटच्या कडव्यात, गाणं करणाऱ्याचं नाव घालतात तसं, अण्णांचं नाव. नाव आलं की झील ते तीन वेळा उचलायची आणि लोक माना हलवायचे. अण्णांचं नाव एवढ्या माणसांच्या तोंडी येण्याची ती एकच जागा होती.

त्या गाण्याचं माझ्याकडे एक रेकॉर्डिंग आहे. कंपनीतल्या खंडेनवमीचं, मागे कुठलंसं मशीन घरघरतंय. ते पायरीच्या ओळीनंतर तुटतं. मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती म्हणून नाही. मला कंटाळा आला होता, म्हणून मीच बंद केलं. त्यामुळे शेवटचं कडवं दोनच ठिकाणी उरलं होतं, वहीत आणि काकांच्या गळ्यात. पुस्तिकेसाठी ते गाणं मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. काकाही म्हणायचे, "ते निवांत घेऊ."

अण्णांच्या वर्षश्राद्धाला गावात मारुतीच्या पारावर भजन ठेवलं. बायकांच्या बाजूला आईशेजारी मी बसले होते. काका पुढे उभे राहिले, जिथे अण्णा असायचे तिथे. मागे झीलीला दोन नवे लोक होते. विहिरीचं गाणं सुरू झालं. काकांचा आवाज भरदार आहे. पायरीची ओळ त्यांनी अशी लावली की शेजारच्या म्हातारीनं माझा हात धरला.

मग शेवटचं कडवं आलं आणि अण्णांच्या नावाच्या जागी काकांचं नाव आलं.

मला वाटलं, चुकले. आता मागचा नवा माणूस गडबडून काहीही उचलेल. पण झीलीनं तेच नाव उचललं, तीन वेळा, एकसुरात. म्हणजे त्यांनी तसाच सराव केला होता. लोकांनी माना हलवल्या. काकांना दोन मुलगे आहेत, मुलगी नाही. विहीरही त्यांना कधी नव्हती. त्या पारावर, माझ्या देखत, मी त्यांची लेक झाले होते.

मी उठले नाही. जेवणाच्या पंगतीत काकांनीच मला आग्रह करून बुंदी वाढली.

पुढच्या रविवारी गेले. लॅपटॉप उघडला नाही. तो मांडीवर मिटलेला ठेवूनच मी म्हणाले, "काका, शेवटचं कडवं असं नव्हतं."

ते ओळखून होते. "पोरी, जो गातो त्याचं नाव लागतंय. गेलेल्या माणसाचं नाव लावून कसं गायचं?"

 याचं उत्तर मला परतीच्या वाटेवर, करमाडहून येणाऱ्या रिक्षात तिघींच्या मधे दाटीत बसल्यावर सुचलं. रोजच्या भजनात ज्या संतांची नावं काका घेतात ते कुठे जिवंत आहेत? पण तेव्हा ओसरीवर मी एवढंच म्हणाले, "विहीर आमची होती."

"आन् झील कोणाची हुती? वीस वरीस मागं उभा राह्यलो. अर्धं गाणं माझ्या तोंडचं. माझं नाव कवा आलं का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या आईला इचारलं हुतं म्या. तिनं व्हय म्हणलं."

त्यांनी वही परत दिली. ती मी घरी येईपर्यंत उघडली नाही.

आई मेथी निवडत होती. मी विचारलं. तिनं मान वर केली नाही. "हो, विचारलं होतं त्यांनी, तू वही ठेवायच्या आधीच. म्हटलं गा."

"का?"

"त्या विहिरीचं पाणी मी शेंदलं, सात वर्षं. लाइट नसली की मोटर बंद, मग दोर मीच ओढायचे. गाण्यात जांभूळ आहे, तू आहेस, ते आहेत. मी कुठं आहे?" काडी मोडून तिनं बाजूला टाकली. "एक नाव गेलं, दुसरं आलं. मला काय फरक पडतो?"

तिचं खरं होतं. मी एवढ्या वेळा ते गाणं ऐकलं, पण तिचा दोर मला कधी दिसला नाही. आणि तरीही तिनं मला न सांगता हो म्हटलं, हे माझ्या मनातून गेलं नाही. तिनं मला वही द्यायला सांगितली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. आम्ही तेव्हापासून त्यावर बोललो नाही. ती भाजी वाढते, मी खाते.

वही उघडली. विहिरीच्या पानावर शेवटच्या ओळीत अण्णांचं नाव बॉलपेननं गिरवून काळं केलं होतं, इतकं की मागच्या पानावर उठलं होतं. वर काकांनी आपलं नाव लिहिलं होतं, सावकाश, शाळेतल्यासारखं. बाकी पान जसंच्या तसं होतं. माझ्या पाचवीतल्या पेन्सिलीच्या दुरुस्त्याही होत्या.

मी काकांचं नाव खोडलं नाही. खोडलं असतं तर आमच्या दोघांत फरक राहिला नसता. पुस्तिकेत ते पान मी वहीवरून टाइप केलं, पण अण्णांच्या नावासह. झीलीचे शब्द मला रेकॉर्डिंग आणि पारावरचं गाणं ऐकून पाठ झाले होते, म्हणजे तेही काकांमुळेच. खाली लिहिलं, झील काकांची, आणि त्यांचं पूर्ण नाव. ते लिहिताना मला अजिबात मोठेपणा वाटला नाही. 

पण कागदावरचं नाव कुणी उचलत नाही. म्हणून एका दुपारी, आई बाहेर गेली असताना, मी खोलीचं दार लावलं आणि मोबाइल समोर ठेवून ते गाणं म्हटलं. मी कधी कुणासमोर गायले नाही. आवाज बारीक लागला, सुरुवातीलाच दोनदा खोकले. झीलीच्या जागा रिकाम्या सोडल्या, अण्णा वहीत रेघ मारायचे तशा, मांडीवर थाप मारून मोजत. शेवटच्या कडव्यात अण्णांचं नाव घेतलं आणि थांबले.

ते आता परत ऐकते तेव्हा त्या रिकाम्या जागांत काका गातात. तोच भरदार आवाज, माझ्या मागून, वेळेवर, एकही ओळ न चुकता. शेवटचं कडवं आलं की मी फोन बंद करते. पुढे ते कुणाचं नाव उचलतील याचा मला भरवसा नाही.