हळदीकुंकवाच्या दुपारी भुताचा सिनेमा

त्या स्वस्तातल्या काळ्यापांढऱ्या भुतांच्या सिनेमांची मला अगदी शिसारी आहे. रक्त म्हणजे डांबर! कवटीत बल्ब पेटवलेला, वटवाघळाची दोरी उघड दिसतेय. वर थेटरातले ढेकूण आणि कपड्यांना बसलेला विड्यांचा वास. शी!

तरी दर चैत्रात मला ते बघावे लागत, आत्यामुळं. आत्या म्हणजे वडिलांची विधवा बहीण, बेळगावहून जयनगरला आमच्याकडं राहायला आलेली. आईच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या, तेव्हा पांढऱ्या साडीतली आत्या कुणाच्या नजरेस पडता कामा नये. वाटली डाळ तिनंच करायची, पन्हं तिनंच गाळायचं. नैवेद्याचं म्हणून चाखायचं मात्र नाही. मग आई गोड आवाजात म्हणायची, "वन्सं, सिनेमाला जाऊन या की. पोरीला न्या सोबतीला." आणि दुपारच्या खेळाला आमच्या नशिबी भुतंच.

दारावरचा माणूस कानडीत "बन्नी अक्का, बन्नी", या ताई, या, असं म्हणत आत घ्यायचा. आत्या ऐटीत बसायची. पडद्यावर पांढऱ्या साडीतली, केस सोडलेली बाई बंद दारातून आरपार आली की अख्खं थेटर किंचाळायचं. आत्या खुदुखुदु हसायची.

"काय गं आवडतं तुला ह्या घाणीत?" एकदा मी चिडून विचारलं.

"अगं, तिला कुणी म्हणतंय का, मागल्या दारानं जा म्हणून?"

मी पडद्यावरची पांढरी साडी बघितली, मग शेजारची.

घरी आलो तर बायका अजून निघतच होत्या. निघताना विधवा आडवी आली की त्या परत आत जाऊन घटकाभर टेकायच्या. किळस येते आठवून! म्हणून एरवी आत्या त्या जाईपर्यंत शेजारच्या कुंपणाआड उभी राहायची. त्या दिवशी थांबली नाही. पदर सारखा केला आणि फाटकातून थेट पुढच्या दारानं आत गेली. बायका भिंतीला चिकटल्या. एकीच्या ओटीतले हरभरे सांडले.

"वन्सं, अहो..." आई मागोमाग धावली.

आत्यानं गौरीसमोर उभं राहून पन्ह्याचा पेला भरला आणि सगळ्यांदेखत घटाघटा संपवला. मग रिकामा पेला आईच्या हातात दिला.

"गूळ कमी पडलाय, वहिनी. इतकी वर्षं चाखू दिलं असतंत, तर कळलं असतं."