अंड्यांच्या पेटीची पुली

अ‍ॅल्युमिनियमवर रॉकेल सोडून दाते पाडताना जो उग्र वास उठतो, त्यानं मला जामखेडजवळच्या आमच्या गावातली थंडीतली ती सकाळ आठवते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं लेथ मशीन होतं. शेजारच्या काकू तुटलेली दातेरी पुली पदरात घेऊन आल्या. अंडी उबवायच्या पेटीत तिच्यावर पट्टा फिरायचा आणि अंडी हलती राहायची. काकूंच्या सगळ्या कोंबड्या मुंगसानं मारल्या होत्या. पेटीत होती ती त्या कोंबड्यांचीच शेवटची अंडी. “हुईल का रं आज?” “हुईल की, काकू. तवर हातानं फिरवा.” निम्मे दाते पाडून झाले आणि मशीन थांबलं. गावाची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली होती; काकूंच्या पेटीची ऊबही विजेवरचीच. वायरमन म्हणाला, “आता उद्याच्याला बघू.” काकूंकडे गेलो, तर पेटीवर घरातल्या सगळ्या गोधड्या घालून त्या आत हात घालून बसल्या होत्या. “गार पडाय लागली रं,” एवढंच म्हणाल्या. मी अर्धवट पुली खिशात टाकली आणि गोधड्यांच्या कडा पेटीभोवती खोचल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली, संध्याकाळपर्यंत पुली बसली आणि जराही न डगमगता फिरू लागली. काकूंचा चेहरा खुलला. पुढं पिल्लं निघायचे दिवस उलटून गेले, तरी त्या पेटी बंद करू देईनात. आत काही उरलं नाही हे मला कळत होतं, बहुतेक त्यांनाही. तरी मी रोज जाऊन पट्टा ताणलेला आहे ना ते बघून यायचो. आजही कुणी एखादी पुली झकास झाली म्हणतं, तेव्हा मला गोधड्यांखालची ती पेटी आठवते.