अमेरिकेतली मतं आणि खालांचा डबा

मंडळी, माझी दोन्ही पोरं अमेरिकेत. तिथल्या निवडणुकीत दोघांनी वेगवेगळ्या पक्षांना मतं दिली आणि बोलणंच टाकलं! पुढारी मजेत, घरं मात्र फुटली. जळली मेली ती लोकशाही!

आज थोरल्याचा व्हिडिओ कॉल चालू असतानाच शेजारच्या राबियाखाला ईदचा शीरखुर्मा घेऊन आल्या. सगळं ऐकून त्यांनी फोनच घेतला.

"बेटा, रझाकारांच्या वक्ताला माझ्या अब्बांनी तुझ्या आज्याला घरात लपवलं. निजाम गेला, फौज आली, तवा तुझ्या आज्यानं आम्हाला लपवलं. तुमच्यात याहून लई मोठं काय झालं रे?"

थोरला हळूच म्हणाला, "आई, धाकट्याला आता फोन केला तर उचलंल का?"

आमच्या शहागंजात शेजाऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. सांगा, आज खालांच्या डब्यात मी काय भरून देऊ?