कोहळ्याला पहिली सुरी

अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या केटरिंगच्या किचनमध्ये उरलेलं अन्न त्याच दिवशी वाटून टाकतो. किस्से मात्र साठत जातात! आम्ही चौघी बायका. त्यात मी मालकीण आणि सगळ्यांत घाबरट. शांताकाकू जुन्या शहरातल्या, भाजी पिकवणाऱ्या घरातल्या. त्या कशालाच भीत नाहीत. माझं बीपी त्यामुळेच वाढतं.

*

अख्ख्या कोहळ्याला, म्हणजे लाल भोपळ्याला, आमच्याकडे बाईनं पहिली सुरी लावायची नाही. कोहळं म्हणजे घरातला थोरला मुलगा, बाईनं कापलं तर त्याच्यावर संकट! पहिला काप माणसानं द्यायचा, पुढचं बायकांनी करायचं. आमच्या किचनमध्ये माणूस नाही, त्यामुळे दाराशी येईल तो सापडतो. एकदा कुरिअरवाला आला. काकू सुरी घेऊनच दारात गेल्या. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

"सही मंग करतो भाऊ, आंधी काप!"

*

मग अमरावतीची ऑर्डर आली. ऋचाच्या मुलाचा आठवा वाढदिवस, थीम भुताची. भाज्यांचा सांगाडा, आणि डोळे-दात कोरलेल्या कोहळ्यात डिप. ऋचाचा नवरा पुण्यात नोकरीला, घरी सासूबाई.

"आई पहिल्यांदाच पार्टीला हो म्हणाल्यात," ऋचानं बजावलं. "त्यांना काही खटकलं तर ही शेवटचीच!"

अकोल्याबाहेरची आमची ही पहिली ऑर्डर. आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

*

ट्रायलच्या दिवशी मी काकडीच्या फासळ्या मांडल्या, गाजराचे हातपाय लावले. काकू हातातलं काम टाकून बघायला आल्या.

"हा कोण मेला?"

"कोणी नाही हो, स्टार्टर आहे!"

डिप चक्क्याचं, बिटानं लालभडक केलेलं. मी फोनवर बोलत होते तेवढ्यात काकूंनी त्याला मोहरी-हिंगाची फोडणी दिली! "कच्चं दही लेकराईले कसं द्यावं?" मी कपाळावर हात मारला. मग चाखून बघितलं आणि पुन्हा चमचा बुडवला. फोडणी कायम राहिली.

*

वाढदिवसाला व्हॅन मीच चालवत होते. दूधवाल्याकडून पहिली सुरी लावून घेतलेलं, कोरलेलं कोहळं काकूंच्या मांडीवर. मूर्तिजापूरजवळ म्हैस आडवी आली, मी कचकन ब्रेक दाबला. सांगाडा शाबूत, कोहळ्याची दोन शकलं! मला रडूच आलं. रस्त्याकडेच्या भाजीवालीकडून दुसरं घेतलं.

अमरावतीला पोचलो तेव्हा पाहुणे यायला अर्धा तास होता. काकूंना मागच्या अंगणात बसवून मी गल्लीत माणूस शोधायला धावले. एकही नाही. परत येते तर कोहळ्याला दोन डोळे आले होते.

"काकू! पहिली सुरी?"

"मीच लावली. मले तीन पोरीच हायेत. मले कायचं भेव?"

त्या घरात तर थोरल्या नातवाचाच वाढदिवस होता.

*

पोरं सांगाड्यावर तुटून पडली. फासळ्या संपल्या, फोडणीचं डिप चाटूनपुसून गेलं. ऋचा हसत होती. मी मात्र सासूबाईंवरची नजर काढत नव्हते. त्या रिकाम्या कोहळ्यापुढे येऊन थांबल्या.

"कोणं कापलं हे?"

मी 'दूधवाल्यानं' म्हणणार, तोच काकू बोलल्या, "मी."

ऋचाचा चेहरा पांढरा पडला.

"काही झालं तुले?" सासूबाईंनी काकूंना विचारलं.

"काईच नाही."

"चाल अंदर."

गेली ही पार्टी आणि गेली अमरावती, असं म्हणत मी मागोमाग गेले. स्वयंपाकघरातल्या फळीवर एक अख्खं कोहळं होतं, धूळ बसलेलं. सासूबाईंनी ते खाली घेतलं, पदरानं पुसलं, ओट्यावर ठेवलं आणि काकूंपुढे हात केला.

"सुरी दे."

मी कसंबसं म्हटलं, "आई, आज नातवाचा वाढदिवस आहे..."

"मालूम हाय! त्याले कोहळ्याची भाजी लय आवडते. बाप पुण्याहून येईपर्यंत लेकरानं वाट कावून पाहावं?"