अक्काच्या कॅल्क्युलेटरला दिवा

आमच्या गावात दूध गोळा होतं पहाटे, आणि वीज जाते तीही पहाटेच. खजुरीच्या पुढं, हद्दीला टेकलेलं गाव. वीज कर्नाटकाची, दुधाचा टेम्पो महाराष्ट्राचा, अंधार दोघांचा सामाईक. असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. पत्रक गावभर वाटलं. वीज काही आली नाही.

डेअरीत दूध मोजायला माझी थोरली बहीण आहे, अक्का. हे काम तिला सुखासुखी मिळालेलं नाही. बौद्ध बाईनं सगळ्या गावाच्या दुधात माप बुडवायचं, हे काही घरांना पचत नव्हतं. आम्ही भांडलो, डेअरीच्या दारात बसलो, काम मिळवलं. मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला आणि त्या घरांना बोलायला जागा सापडली. "दिसत न्हाई तर माप सोड की." जात तोंडावर आणायची सोय राहिली नव्हती, म्हणून डोळे आणले.

रीत अशी, की माप ओतलं की अक्का लिटर मोठ्यानं पुकारते, देणारा "व्हय" म्हणतो, आणि ती कॅल्क्युलेटरवर बेरीज चढवते. शेवटी ती बेरीज आणि टेम्पोवाल्याचं माप जुळावं लागतं. त्या आठवड्यात अंधारात आकडा चुकला आणि जुळलं नाही. डेअरीचे सेक्रेटरी, सगळे त्यांना अप्पा म्हणतात, शांतपणे म्हणाले, "आणखी एकदा चुकलं की दुसरं माणूस बघावं लागंल, अक्का."

टॉर्च मारली की कॅल्क्युलेटरची काच चमकते, आकडा जातो. मोबाईलला दुधानं ओली झालेली बोटं चालत नाहीत. तालुक्याला, आळंदला, दिव्याचा कॅल्क्युलेटर मागितला, तर दुकानदार हसला. "अंधारात कोण हिशेब करतंय, ताई?"

आम्ही करतो. म्हणून मी दुपारी अंगणात बसून अक्काचाच कॅल्क्युलेटर उघडला.

"कामून खोलायलीस गं?" अक्का म्हणाली. "पत्रक न्हाई ते, फाडून परत लिहायला."

आकड्यांच्या काचेमागं चांदीसारखा कागद असतो. तो काढायचा आणि मागून दिवा द्यायचा, एवढं मी व्हिडिओत बघितलं होतं. कागद ओढला, तर त्याला चिकटलेली पातळ काळसर फिल्मही फाटून आली. काच कोरी. बटण दाबलं तरी कोरी. त्या फिल्मशिवाय आकडा दिसतच नाही, हे व्हिडिओवाला पुढं सांगत होता. मी पुढं बघितलंच नव्हतं.

अक्कानं सांडलेले स्क्रू एकेक वेचून वाटीत ठेवले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरात एक मेलेला कॅल्क्युलेटर होता. त्याची फिल्म सोडवून, कापून बसवली. किल्लीच्या जुडग्यातल्या छोट्या टॉर्चचा दिवा त्याच्या सेलसकट मागं चिकटवला. उजेड सारखा पसरावा म्हणून मध्ये दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा घातला. आमचंच दूध पिशवीत भरून आम्हालाच विकतात, त्या पिशवीचा एवढा तरी उपयोग. दिवा लावला आणि माझं तोंड उतरलं. आडवी बसवायची फिल्म उभी बसली होती. सगळं उलटं झालं. पडदा काळाभोर, आकडे पांढरे.

"थांब, परत खोलते."

"हात लावू नको," अक्का म्हणाली. तिनं कॅल्क्युलेटर लांब धरला, जवळ आणला. "पांढऱ्यावर काळं मला धूरच दिसायलं होतं. हे कसं, काळ्या फळ्यावर खडूनं लिहिल्यागत. आठ. सात. शून्य. बरोबर हाय का?"

बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वीज गेली. रांगेत कुजबुज सुरू झाली. अक्कानं बोटानं कॅल्क्युलेटरचा दिवा लावला, माप ओतलं, पुकारलं, "साडेचार." देणारा गप्प. हा "माप सोड" म्हणणाऱ्या घरांतलाच एक.

"व्हय म्हण की, दादा," अक्का म्हणाली. "का तुलाबी दिसंना?"

रांग हसली. तो "व्हय" म्हणाला.

उजाडता उजाडता टेम्पो आला. त्याचं माप आणि अक्काची बेरीज दशांशासकट जुळली. अप्पांनी कॅल्क्युलेटर मागून घेतला, उलटसुलट करून बघितला.

"काय करून ठेवलंय हे? सगळं उलटं."

"उलटंच हाय," अक्का म्हणाली. "उद्याबी मीच हाय. आणा इकडं."

त्यांनी दिला.